स्टेअरिंग जड झालं म्हणजे रॅकच गेला असं नाही! जुन्या गाडीचं दुखणं ओळखायचं कसं?

खटाव, माण, पाटण, जावली, कोणत्याही तालुक्यात जा, दारात उभी असलेली चारचाकी बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षांची असते. बोलेरो, सुमो, इंडिका, अल्टो, वॅगनआर, जुनी स्विफ्ट. निम्म्याहून जास्त गाड्या सेकंड हँड घेतलेल्या. इंजिन ठणठणीत असतं, टायर बरे असतात, आणि एक दिवस गोठ्याजवळ गाडी वळवताना लक्षात येतं की स्टेअरिंग फिरवायला खांद्यातून जोर लागतोय. गॅरेजला नेली की बोनेट उघडायच्या आधीच निकाल लागतो, "दादा, रॅक गेलाय. बदलावा लागंल." खर्चाचा आकडा ऐकला की एकरभर उसाच्या खताचा हिशोब डोळ्यापुढे येतो.

रॅक खरंच जातो, यात शंका नाही. पण जड स्टेअरिंगच्या तक्रारीत रॅक हा सगळ्यात शेवटी तपासायचा भाग आहे. त्याच्या आधी टायरमधली हवा, पट्टा, ऑईल, एखादी ढिली क्लिप, बॅटरीचं टर्मिनल अशा पाच-सहा गोष्टी आहेत. त्या घरच्या घरी, फारसा खर्च न करता बघता येतात. स्वस्ताकडून महागाकडे जायचं, एवढा क्रम पाळला तरी पुष्कळ पैसे वाचतात. आणि ही फक्त पैशाची गोष्ट नाही. सपाटीवर जड वाटणारं स्टेअरिंग घाटातल्या वळणावर ऐनवेळी साथ सोडू शकतं.

आधी गाडी कोणत्या जातीची ते बघा

पॉवर स्टेअरिंग दोन प्रकारचं असतं. दोन्हींची दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी.

पहिला प्रकार ऑईलवर चालणारा, म्हणजे हायड्रॉलिक. बोलेरो, सुमो, जुनी स्कॉर्पिओ, क्वालिस, जुनी इनोव्हा, इंडिका या गाड्यांत तो सापडतो. इंजिनच्या पुलीवरून पट्ट्याने एक पंप फिरतो. तो पंप ऑईलला दाब देतो आणि ते ऑईल स्टेअरिंगच्या रॅकमध्ये किंवा गिअरबॉक्समध्ये जाऊन चाकं वळवायला मदत करतं. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचंच हे लहान भावंडं. बोनेट उघडल्यावर झाकणावर स्टेअरिंगचं चित्र असलेली छोटी टाकी दिसली की समजायचं, आपली गाडी या प्रकारची.

दुसरा प्रकार इलेक्ट्रिक. यात ऑईल नाही, पंप नाही, पट्टा नाही. स्टेअरिंगच्या दांड्यावर किंवा रॅकवर एक मोटर बसवलेली असते. तुम्ही किती जोर लावता हे एक सेन्सर मोजतो आणि त्या मानाने मोटर हातभार लावते. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, आय-टेन या लहान गाड्यांत बहुतेक हेच असतं. सुझुकीने १९८८ मध्ये जपानमध्ये सर्व्हो या लहान गाडीला असं स्टेअरिंग बसवलं होतं. पुढे आपल्याकडच्या मारुतींमध्येही तेच तंत्र आलं. ऑईलवरचं तंत्र त्याहून बरंच जुनं. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९५१ मध्ये आपल्या इम्पिरियल गाडीला ते दिलं आणि तिथून ते विक्रीच्या गाड्यांत रुळलं.

तिसरा प्रकारही आहे, पॉवर नसलेलं स्टेअरिंग. अल्टोसारख्या गाड्यांच्या खालच्या मॉडेलला ते नसायचंच, आणि मारुती ८०० तर बहुतेकांनी साध्या स्टेअरिंगवरच चालवली. सेकंड हँड गाडी घेऊन सहा महिने "स्टेअरिंग जड आहे, काहीतरी बिघाड आहे" म्हणून फिरणारे आणि शेवटी या गाडीला पॉवर स्टेअरिंग नव्हतंच असं कळणारेही असतात. तेव्हा आधी तेवढी खात्री करून घ्यावी.

सुरुवात पंक्चरवाल्याकडून

जात कोणतीही असो, पहिली तपासणी पुढच्या दोन चाकांच्या हवेची. हवा कमी असली की टायरचा जास्त भाग रस्त्याला टेकतो आणि जागेवर वळवताना सगळं ओझं स्टेअरिंगवर येतं. किती हवा हवी हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पंक्चरवाला अंदाजाने भरतो त्यावर जाऊ नका. हवा सकाळी टायर गार असताना मोजलेली बरी. कंपनीने दिलेल्यापेक्षा रुंद टायर किंवा मोठी अलॉय चाकं बसवली असतील तर स्टेअरिंग जड लागणारच, तो बिघाड नव्हे. गाडी रुबाबदार दिसण्याची ती किंमत.

हवा बरोबर असूनही जड लागत असेल तर दुसरी तपासणी जॅकची. सगळ्या दुखण्याची वाटणी ही एक तपासणी करून देते, आणि नेमकी तीच कोणी करत नाही.

गाडी सपाट, कडक जागेवर उभी करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून उचला आणि खाली मजबूत स्टँड किंवा लाकडाचे ठोकळे द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहायचं नाही आणि गाडीखाली जायचं नाही. आता इंजिन बंद, चावी मात्र एक खटका पुढे, म्हणजे स्टेअरिंग लॉक होत नाही. मग स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा.

चाकं अधांतरी असताना ते बऱ्यापैकी हलकं आणि एकसारखं फिरायला हवं. ऑईलच्या गाडीत थोडा जडपणा राहतो, कारण आतलं ऑईल ढकलावं लागतं, पण तो सगळीकडे सारखा असतो. अधांतरी चाकं असतानाही स्टेअरिंग अडकत असेल, ठराविक जागी घट्ट लागत असेल, तर दुखणं पॉवरचं नाहीच. गंजलेला बॉल जॉईंट, सुकलेलं शॉकअपवरचं बेअरिंग किंवा स्टेअरिंगच्या दांड्याचा गंजलेला क्रॉस, यातलं काहीतरी आहे. पावसाळ्यात चिखलातून आणि ओढ्याच्या फरशीवरून गेलेल्या गाड्यांचा हा क्रॉस हमखास गंजतो. त्याचं ओळखण्याचं चिन्ह असं, की एका फेऱ्यात स्टेअरिंग जड-हलकं-जड-हलकं लागतं. असं असेल तर रॅक बदलूनही फरक पडणार नाही, पैसे मात्र जातील.

उलट, चाकं उचलल्यावर स्टेअरिंग छान फिरतंय आणि खाली टेकवून इंजिन सुरू केल्यावर जड लागतंय, तर मदत देणारी यंत्रणा कमी पडते आहे. आता पॉवरकडे वळायचं.

ऑईलची गाडी : पट्टा, ऑईल, हवा, मग बाकीचं

गाडी सुरू केल्याबरोबर किंवा स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर "किर्रर्र" असा कर्कश आवाज येत असेल तर पट्टा घसरतोय. इंजिन बंद करून बघा. पट्ट्याला आडव्या चिरा पडल्यात का, आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत झालीय का, त्यावर ऑईल सांडलंय का. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबल्यावर पट्टा साधारण १० मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या जाडीएवढा दबला तर ठीक. पोतं बांधायच्या दोरीसारखा लोंबत असेल तर ताणून घ्यावा लागेल. ताण देताना अतिही करू नये, पंपाचं आणि अल्टरनेटरचं बेअरिंग लवकर जातं. आणि हे सगळं बघताना गळ्यातला टॉवेल, उपरणं काढून ठेवा. इंजिन सुरू असताना पट्ट्याजवळ हात न्यायचाच नाही.

पट्टा चांगला असेल तर ऑईलची पातळी. टाकीवर किमान-कमाल अशा खुणा असतात किंवा झाकणाला छोटी पट्टी असते. त्या पट्टीवर गार इंजिनची आणि गरम इंजिनची अशा दोन वेगळ्या खुणा असू शकतात, त्यात घोटाळा करू नका. पातळीबरोबर रंगही बघा. चांगलं ऑईल बहुतेक गाड्यांत लालसर, पारदर्शक असतं. काळं पडून जळका वास येत असेल तर ते थकलंय. फेस दिसत असेल तर हवा शिरलीय. ताकासारखं दुधाळ असेल आणि गाडी तासभर बंद ठेवूनही निवळत नसेल तर पाणी शिरलंय.

हवा शिरल्याचं लक्षण आवाजावरूनही कळतं. स्टेअरिंग वळवताना "घूंऽऽ" असा आवाज येतो आणि एक्सलेटर वाढवला की तोही वाढतो. हा आवाज ऐकला की पंप गेला असं सांगितलं जातं. पंप गेलेला असूही शकतो, पण आधी टाकीपासून पंपाकडे जाणारा रबरी पाईप बघा. पंप या पाईपातून ऑईल ओढतो. पाईप म्हातारा होऊन कडक झाला किंवा त्याची क्लिप ढिली झाली की बाहेर ऑईल फारसं गळत नाही, पण आत हवा ओढली जाते. विहिरीवरच्या मोटरच्या सक्शन पाईपला बारीक भोक पडलं की पाणी कसं तुटक येतं, तसाच हा प्रकार. एक क्लिप आणि वीतभर पाईप बदलून आवाज बंद झालेल्या गाड्या कमी नाहीत. काही गाड्यांत टाकीच्या तळाशी जाळी असते. ती गाळाने भरली तरी पंपाला ऑईल पुरत नाही आणि असाच आवाज येतो.

हवा काढायची पद्धत सोपी आहे. पुढची चाकं आधी सांगितल्याप्रमाणे उचला. टाकी खुणेपर्यंत भरा. इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा. दुसऱ्या माणसाला टाकीकडे बघायला ठेवा, पातळी उतरली की भर घाला. बुडबुडे येणं थांबलं की इंजिन सुरू करा आणि एक्सलेटर न देता पुन्हा तसंच फिरवा. टोकाला नेल्यावर धरून ठेवू नका. स्टेअरिंग टोकाला दाबून धरलं की पंप पूर्ण दाबावर जातो आणि ऑईल झपाट्याने तापतं. रोजच्या चालवण्यातही पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त असं धरू नये. अरुंद बोळात गाडी वळवताना टोकाला टेकलं की किंचित मागे घ्यावं, पंपाचं आयुष्य वाढतं.

आता ऑईल कोणतं घालायचं? टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तकात लिहिलेलं असेल तेच. अनेक जुन्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरचं लाल ऑईल, ज्याला दुकानात एटीएफ म्हणतात, ते चालतं. काहींना वेगळं लागतं. घरात ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑईल पडून आहे म्हणून तेच ओतणं, किंवा उरलेलं इंजिन ऑईल घालणं, हा प्रकार गावोगाव चालतो आणि पुढे महागात पडतो. सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेक ऑईल. दोन टाक्या जवळजवळ असतात, घाईत चूक होते. ब्रेक ऑईलने स्टेअरिंगमधले रबरी सील फुगून खराब होतात. आणि उलटी चूक झाली, म्हणजे स्टेअरिंगचं ऑईल ब्रेकच्या टाकीत गेलं, तर ब्रेकचे सील फुगतात, ते तर जिवावरचं. चूक लक्षात आली तर गाडी सुरूच करू नका, सगळं ऑईल काढून घ्या.

जुनं काळं ऑईल बदलायला गॅरेजची गरज नाही. मोठी सिरिंज घ्यायची, जनावरांच्या डॉक्टरांकडे असते तसली, अर्थात नवी आणि कोरडी. टाकीतलं ऑईल ओढून काढायचं, नवं भरायचं, चार-आठ दिवस गाडी चालवायची आणि पुन्हा तेच. तीन-चार वेळा केलं की बहुतेक सगळं ऑईल बदलतं. काढलेलं ऑईल शेताच्या बांधावर किंवा गटारात ओतू नका, बाटलीत साठवून जुनं ऑईल घेणाऱ्याला द्या.

ऑईल जातंय कुठं?

ही यंत्रणा बंद असते, ऑईल जळून कमी होत नाही. पातळी उतरते आहे म्हणजे कुठूनतरी गळतंय. टाकी भरत राहणं म्हणजे उपाय नव्हे. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा, सकाळी डाग बघा. लाल-गुलाबी चिकट डाग स्टेअरिंगचा असण्याची शक्यता जास्त, काळा इंजिनचा, आणि स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, त्याची काळजी नको. कूलंटही काही गाड्यांत गुलाबी असतं, पण ते बोटाला पाण्यासारखं लागतं, तेलकट नाही.

डाग कुठं पडलाय त्यावरून पाईपचा जोड, पंपाचा सील की रॅक ते ठरतं. रॅकच्या दोन्ही टोकांना हार्मोनियमच्या भात्यासारखे रबरी बूट असतात. ते हाताने दाबून बघा. आत ऑईल भरलेलं लागलं तर रॅकचा आतला सील गेला, हे नक्की. इथं मात्र मिस्त्रींचं म्हणणं खरं ठरतं.

या बुटांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्या भागातल्या रॅकचं मरण इथूनच सुरू होतं. उसाच्या फडातला रस्ता, खडीचा रस्ता, पावसाळ्यातला चिखल यात बूट फाटतो. फाटका बूट महिनोन्महिने कोणी बघत नाही. आत माती-पाणी जातं, चकचकीत दांड्याला गंजाचे खड्डे पडतात आणि प्रत्येक वळणावर तो खडबडीत दांडा सील कापत राहतो. बूट काही शे रुपयांत येतो, रॅकला काही हजार लागतात. दर वेळी सर्व्हिसिंगला गाडी वर घेतली की दोन्ही बूट बघायला सांगायचे.

बाजारात गळती थांबवणाऱ्या औषधाच्या बाटल्या मिळतात. ती औषधं सुकलेला सील थोडा फुगवतात, त्यामुळे बारीक पाझर काही दिवस थांबू शकतो. फाटलेला सील किंवा खड्डे पडलेला दांडा त्याने बरा होत नाही. गाडी विकायची असलेले लोक ती बाटली ओततात, हेही लक्षात ठेवा.

गळणारा पाईप इंजिन सुरू असताना हाताने चाचपू नका. टायरमध्ये साधारण २ बार दाब असतो. स्टेअरिंगच्या दाबाच्या पाईपात वळवताना तो ७० ते १०० बारपर्यंत जातो. बारीक भोकातून निघालेली धार कातडीत घुसू शकते, आणि अशी जखम वरून छोटी दिसली तरी तातडीने डॉक्टरला दाखवावी लागते.

पट्टा, ऑईल, हवा, गळती सगळं बघून झालं आणि तरी जड आहे, तर मग पंप की रॅक हा प्रश्न येतो. दोन्ही बाजूंना सारखंच जड, आणि एक्सलेटर दिल्यावर थोडं हलकं होत असेल तर संशय पंपावर. एकाच बाजूला जड आणि दुसऱ्या बाजूला हलकं असेल तर रॅकमधल्या व्हॉल्व्हवर. सकाळी गार असताना जड आणि दोन-तीन किलोमीटर गेल्यावर मोकळं, हेही बहुधा रॅकच्या आतल्या झिजेचंच लक्षण, आणि ते हळूहळू वाढत जातं. चांगल्या गॅरेजमध्ये दाब मोजायचं मीटर असतं. पंप आणि रॅकच्या मध्ये ते लावलं की दहा मिनिटांत कळतं कोण चोर आहे. मीटर न लावता कोणी दोन्ही बदलायला सांगत असेल तर दुसरीकडे दाखवलेलं बरं.

इलेक्ट्रिक स्टेअरिंग : निम्मी दुखणी बॅटरीची

इथं पहिली खूण म्हणजे मीटरमध्ये पेटणारा दिवा. स्टेअरिंगचं चित्र किंवा ईपीएस अशी अक्षरं. चावी फिरवल्यावर तो पेटतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. विझला नाही, किंवा चालताना पेटला आणि स्टेअरिंग जड झालं, तर यंत्रणेने स्वतःला बंद करून घेतलंय.

ही मोटर वीज भरपूर खाते. म्हणून बॅटरी कमजोर असेल, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल किंवा अर्थिंगची पट्टी ढिली असेल तर पहिला फटका स्टेअरिंगला बसतो. शेतातल्या मोटरसाठी बऱ्याच घरांत मल्टिमीटर असतो, तोच वापरा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.४ व्होल्टच्या वर दिसायला हवं आणि इंजिन सुरू असताना साधारण १३.५ ते १४.५. सुरू असतानाही १३ च्या खाली असेल तर आधी चार्जिंग बघा, स्टेअरिंगला दोष देऊ नका. टर्मिनल कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवायचं, कोरडं करायचं, घट्ट आवळायचं. बॅटरी काढून बसवल्यावर किंवा दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट केल्यावर दिवा काही वेळ पेटलेला राहू शकतो. काही गाड्यांत स्टेअरिंग दोन्ही टोकांना एकदा नेऊन थोडं अंतर चालवलं की तो जातो.

त्यानंतर फ्यूज. स्टेअरिंगला मोठ्या अँपिअरचा वेगळा फ्यूज असतो, जागा पुस्तकात दिलेली असते. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घालायचा. विहिरीवरच्या स्टार्टरला जशी तार गुंडाळून काम भागवतात तसं इथं केलं तर वायरिंग पेटेल. नवा फ्यूजही जळाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि आपल्याकडे त्याचं नेहमीचं कारण उंदीर. कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्याशेजारी गाडी लावली की उंदीर बोनेटमध्ये बिऱ्हाड करतात आणि वायरी कुरतडतात.

अजून एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. वरचं कॅरियर किंवा पुढचा गार्ड गाडीवरच वेल्डिंग करून घेतला तर त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला हवी. नाहीतर वेल्डिंगचा करंट स्टेअरिंगच्या आणि इंजिनच्या कंट्रोल बॉक्सपर्यंत जाऊन तो निकामी करू शकतो.

जागेवर उभं राहून बराच वेळ वळवावळव केली की मोटर तापते आणि यंत्रणा मुद्दाम मदत कमी करते. थोडा वेळ थांबल्यावर पूर्ववत झालं तर तो बिघाड नाही. पण चालताना स्टेअरिंग आपोआप एका बाजूला ओढायला लागलं, झटके देऊ लागलं, तर गाडी बाजूला घ्या आणि पुढे चालवू नका. सेन्सरचा दोष असू शकतो. तो कळायला स्कॅनर लागतो, आणि मोबाईलला जोडायचं स्वस्त यंत्र बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतं, स्टेअरिंगचे नाही.

घाटात काय होतं?

कराड-चिपळूण रस्त्यावर कुंभार्ली घाट उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडणारे अजूनही आहेत. ऑईलच्या गाडीत इंजिन बंद म्हणजे पंप बंद, स्टेअरिंग एकदम दगड. इलेक्ट्रिकमध्येही इंजिन बंद झालं की मदत जाते. ब्रेकची मदतही इंजिनवरच अवलंबून असते, दोन-तीनदा दाबला की पेडल कडक होतं. चावी पूर्ण काढली तर स्टेअरिंग लॉकच होतं. न्यूट्रलवर इंजिन सुरू असलं तरी गिअरचा अडसर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वाचलेलं डिझेल किती असेल ते ज्याचं त्याने मोजावं.

चालता चालता मदत गेली तर घाबरू नका. स्टेअरिंग आणि चाकं यांचा लोखंडी जोड कायम असतो, गाडी वळते, फक्त जोर खूप लागतो. वेग जास्त असताना फरक कमी जाणवतो आणि वेग कमी होईल तसा जडपणा वाढतो, हे माहीत असलं म्हणजे दचकायला होत नाही. दोन्ही हातांनी धरा, हळूहळू वेग कमी करा, बाजूला घ्या. त्याच वेळी बॅटरीचा दिवा पेटला किंवा इंजिनचा काटा वर चढू लागला तर पट्टा तुटलाय असं समजा. अनेक गाड्यांत तोच पट्टा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही फिरवतो. काही जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरलाच जोडलेला असतो, म्हणजे ब्रेकही कडक होणार. "गाव जवळच आहे, रेटू तसंच" हे अशा वेळी करू नये.

पॉवरच्या नावावर खपणारी दुखणी

गाडी एका बाजूला ओढते, हे बहुतेक वेळा हवा, अलाईनमेंट किंवा चिकटलेल्या ब्रेकचं काम. वळणावरून स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही, ते सुकलेल्या बेअरिंगचं किंवा अलाईनमेंटचं. स्टेअरिंग तीन-चार बोटं हलवलं तरी चाक हलत नाही, म्हणजे टायरॉड एंड किंवा जोड झिजलाय. खड्ड्यात "टक टक" वाजतं, तेही बहुधा तिथलंच. टायरॉड एंड ही वस्तू लहान, पण ती निसटली तर चाक मनाला येईल तिकडे वळतं. तेव्हा असा प्ले वाटला तर बाकी काही नंतर, आधी तो.

रॅक खरंच बदलायचा असेल तर

नवा, रिकंडिशन केलेला, किंवा जुन्यालाच सील किट, असे तीन मार्ग असतात. सील किट स्वस्त पडतं, पण दांडा गुळगुळीत असेल तरच टिकतं. दांड्यावर नख फिरवून बघा, खड्डा लागला तर नवा सील काही महिन्यांतच पुन्हा गळेल. रिकंडिशन रॅक घेताना वॉरंटी लेखी मागा. जुना रॅक काढल्यावर तो तुमच्या समोर ठेवायला सांगा, आणि नवा बसवण्याआधी पाईप आणि टाकी धुऊन घ्यायला लावा. जुन्या ऑईलमधला गाळ नव्या रॅकमध्ये गेला तर सगळा खर्च पाण्यात. रॅक किंवा टायरॉड एंड बदलल्यावर त्याच दिवशी व्हील अलाईनमेंट करून घ्यायची, नाहीतर पुढचे टायर एका बाजूने झिजून जातात.

सेकंड हँड गाडी बघायला जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि मालकाला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. गार गाडीवरच स्टेअरिंगचं खरं रूप दिसतं. बोनेट उघडून टाकीतलं ऑईल बघा, अगदी नवंकोरं लाल दिसलं तर नुकतंच का घातलं ते विचारा. स्टेअरिंग दोन्ही टोकांना न्या, आवाज ऐका, आणि निघण्याआधी गाडी चार पावलं पुढे घेऊन खालची जमीन बघा.